एसी किती टनांचा ते नंतर, आधी हिटर बंद करा

प्रश्न : आमचं घर आजोबांनी बांधलेलं, साठ वर्षांहून जुनं, दोन मजली. जाड विटांच्या भिंती, वर उतरतं छप्पर आणि छपराखाली रिकामा माळा. खालच्या हॉलमध्ये गॅसचा हिटर आहे, त्याचा धूर जुन्या चिमणीत सोडलाय. वरच्या मोठ्या खोलीत दोन टनांचा एसी आहे, चौदा वर्षांचा. उन्हाळ्यात तो दिवसभर चालतो तरी वर बसवत नाही, आणि दरवर्षी त्यात गॅस भरावा लागतो. हिवाळ्यात खालचा मजला गारठतो, म्हणून या वेळी थंडी सुरू होताच भावाने खिडक्यांच्या सगळ्या फटी टेप लावून बुजवल्या. आता हिवाळा सरत आलाय. भाऊ म्हणतो, उन्हाळ्याच्या आत तीन टनांचा एसी घेऊ आणि सगळ्या खिडक्या नव्या बसवू. मला वाटतं, आहे तोच एसी दुरुस्त करून चालवावा. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ते खालीच झोपतात. या हिवाळ्यात सकाळी त्यांचं डोकं दुखतं, बाहेर फेरी मारून आले की बरं वाटतं. वयामुळे असेल. तर नवा एसी घ्यावा की जुनाच चालवावा, आणि घ्यायचा तर किती टनांचा?
– भावाशी रोज वाद घालणारी बहीण

ताई,

तुमचं पत्र एसीबद्दल आहे. मी मात्र वडिलांच्या डोकेदुखीपाशी थांबलो. सकाळी डोकं दुखतं, बाहेर फिरून आलं की थांबतं, आणि हे सुरू झालं ते नेमकं फटी बुजवल्या त्याच हिवाळ्यात. याचा दोष वयाला देऊ नका. हा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा त्रास असू शकतो. हे उत्तर पूर्ण वाचण्याआधी उठा, हिटर बंद करा, खिडक्या उघडा. जाणकाराने तपासेपर्यंत तो पुन्हा पेटवायचा नाही.

वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्या आणि ‘घरात गॅसचा हिटर आहे, खिडक्यांच्या फटी बुजवल्यात’ हे तुम्ही आपणहून सांगा, कारण ते विचारलं जाईलच असं नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोघांतला फरक कळत नाही. तो खुशाल ९८ दाखवत राहतो. यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. घरात आणखी कोणाला मळमळ, चक्कर, ताप नसताना फ्लू झाल्यासारखं वाटत असेल तर त्यांनाही दाखवा. कोणी गुंगीत दिसलं, असंबद्ध बोलू लागलं, तर आधी त्याला घराबाहेर मोकळ्या हवेत न्यायचं आणि लगेच तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

गॅस जळायला हवा लागते. जुनं घर ती न मागता देतं, खिडक्यांच्या चौकटीतून, दाराखालून, फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून. हिटर खोलीतली हवा घेतो, धूर चिमणीतून वर जातो आणि गेलेल्या हवेच्या जागी बाहेरची हवा फटींतून आत येते. हे चक्र साठ वर्षं बिनबोभाट चाललं. तुमच्या भावाने चांगल्या हेतूने ते मधेच तोडलं. फटी बुजल्या की आत येणारी हवा कमी पडते. त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो कुठून तरी हवा ओढणारच, आणि घरात उरलेलं सर्वांत मोठं भोक चिमणीचं. मग जो धूर वर जायचा तो उलटा खोलीत उतरतो. शिवाय हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही.

मी स्वतः हे करून बसलोय. आयुष्यभर दुसऱ्यांचे एसी आणि हिटर दुरुस्त केले, आणि स्वतःच्या जुन्या घरात एका थंडीत उत्साहाने प्रत्येक फट पुट्टी भरून बंद केली. तिसऱ्या दिवशी खिडक्यांच्या काचांना आतून पाण्याच्या धारा लागल्या. मला वाटलं, वा, घर किती उबदार झालं! मदतीला येणाऱ्या पोराने हिटरवरच्या भिंतीकडे बोट दाखवलं, तिथे काजळीचा पट्टा उमटला होता. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते; चिमणीतून बाहेर जायची ती वाफ काचांवर बसत होती. चिमणीत वर पाखरांनी घरटं केलं होतं. तेव्हापासून काच घामेजली की मी आधी हिटरकडे बघतो.

तुमचा हिटर तपासायला जो येईल त्याच्याकडून चिमणी वरपर्यंत मोकळी आणि बिनभेगांची आहे का ते बघून घ्या. हिटरपासून चिमणीपर्यंतच्या पाइपाचे जोड बघायला लावा, बर्नर साफ करून घ्या. सगळी दारं-खिडक्या बंद आणि एक्झॉस्ट पंखा चालू अशा अवस्थेत धूर वर ओढला जातो की नाही, हे त्याने तुमच्यासमोर दाखवलं पाहिजे. ज्योत पिवळी असेल तर बिघाड नक्की समजा; पण निळी आहे म्हणून सगळं ठीक असंही नाही. खरं उत्तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्रच देतं. जो माणूस ते यंत्र न आणता नुसतं डोकावून ‘चांगला आहे’ म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, वडिलांच्या खोलीत एक आणि वरच्या झोपायच्या जागेपाशी एक. त्याच्या आतल्या सेन्सरला आयुष्य असतं, पाच ते दहा वर्षांचं. मागे तारीख छापलेली असते.

तोपर्यंत वडिलांना ऊब हवी. तेलाचा इलेक्ट्रिक हिटर आणा, तो ज्वाळेविना चालतो. मात्र २००० वॅटचा हिटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. साठ वर्षांच्या घरातली जुनी वायर आणि सैल झालेला सॉकेट त्याने तापू शकतात. एक्स्टेंशन बोर्डावर तो लावायचा नाही, भिंतीतल्या मोठ्या सॉकेटमध्येच लावायचा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर काढा आणि वायरमनला बोलवा. तो तसाही लागणारच आहे.

आता एसी.

तुमच्या वादात तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात. जुना एसी निवृत्त करायला हवा, हे भावाचं खरं. घाईने मोठा आणू नये, हे तुमचं खरं. पण तुम्ही म्हणता तसं दरवर्षी गॅस भरत राहणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तो दरवर्षी कमी होतो याचा अर्थ एकच, कुठे तरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. तुम्ही इतकी वर्षं त्याचेच पैसे मोजलेत, आणि भरणाऱ्याने एकदाही सांगितलं नाही याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला, कारण तो माझ्या धंद्यातला माणूस आहे.

प्रामाणिक माणूस काय करतो ते माहीत असू द्या, नव्या यंत्राच्या वेळीही उपयोगी पडेल. तो आधी नळ्यांमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतो आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतो. गळती बहुधा पितळी नटांच्या जोडापाशी किंवा कॉइलच्या वळणांवर सापडते. ती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा पूर्ण काढतो, घाई न करता. मग यंत्रावरच्या प्लेटवर लिहिलंय तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरतो. नुसता दाबाचा काटा बघून ‘झालं’ म्हणणारा अंदाजाने भरतो, आणि जास्त झालेला गॅसही कमी गॅसइतकाच त्रास देतो.

तुमच्या एसीच्या प्लेटवर गॅसचं नावही असेल. आर-२२ असेल तर प्रश्न आपोआप सुटतो. ओझोनच्या थराला इजा करणाऱ्या पदार्थांविरुद्ध १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, त्याखाली हा गॅस जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आलाय. जुन्या यंत्रात तो भरत बसण्यात अर्थ नाही. कोणी म्हणेल की त्यातच आर-३२, म्हणजे नव्या एसींतला गॅस, भरून देतो. नको म्हणा. आर-३२चा दाब पुष्कळ जास्त असतो, तो थोडाफार पेट घेणाराही आहे, आणि जुना कॉम्प्रेसर व त्याचं तेल त्यासाठी बनवलेलं नाही.

यंत्र आजारी आहे की घरच तापतंय, हे उन्हाळ्याच्या पहिल्या तापलेल्या दुपारी तुम्हीच ठरवू शकता. साधा थर्मामीटर घ्या. फिल्टर धुऊन एसी पंधरा-वीस मिनिटं चालवा. मग एसीत शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजा, नंतर त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचं. फरक साधारण ८ ते १२ अंशांचा आला तर यंत्र आपलं काम करतंय. फरक ४-५च असेल तर यंत्र आजारी आहे. आणि फरक चांगला असूनही खोली तापत असेल, तर दोष यंत्राचा नाही, डोक्यावरच्या छपराचा आहे. माझा अंदाज असा की तुमच्याकडे दोन्ही असेल.

भावाला आता टन म्हणजे काय ते सांगा. हा एसीच्या वजनाचा आकडा नाही. बर्फाने थंडावा मिळवण्याच्या काळातलं ते माप आहे. ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी शोषणारं यंत्र एक टनाचं, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. तुमचं दोन टनांचं यंत्र, धडधाकट असेल तर, एका खोलीतून सात किलोवॅट उष्णता बाहेर काढू शकतं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. सत्तर माणसं त्या खोलीत बसली आहेत का? नाही. मग ही सात किलोवॅट उष्णता येते कुठून, हा खरा प्रश्न आहे. तीन टनांचं यंत्र तो प्रश्न विचारतच नाही.

शिवाय मोठं यंत्र जास्त सुख देतं हा गैरसमज आहे. एसी दोन कामं करतो, हवा गार करतो आणि तिच्यातला दमटपणा काढतो. दमटपणा निघायला गार कॉइलवरून हवा बराच वेळ जावी लागते. गरजेपेक्षा मोठं यंत्र पाच-सात मिनिटांत खोली गार करून थांबतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. हवा गार पण चिकट राहते, कोपऱ्यात बुरशी येते आणि वारंवार सुरू-बंद होऊन कॉम्प्रेसर लवकर मरतो. इन्व्हर्टर यंत्र आपला वेग कमी करू शकतं, पण तेही एका मर्यादेपर्यंतच. मला तर कडक दुपारी सलग चालणारा, पण तापमान धरून ठेवणारा एसी दिसला की बरं वाटतं. तो नेमक्या मापाचा असतो.

आता तुमचा माळा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास वरच्या खोलीच्या छताला हात लावून बघा. गरम लागेल. अंगाला जाणवणारी ऊब नुसत्या हवेची नसते. आजूबाजूच्या पृष्ठभागांची उष्णताही शरीर तेवढ्याच तीव्रतेने घेत असतं. हवा २५ अंशांवर असली तरी डोक्यावरचं छत ३८ अंशांना तापलेलं असेल, तर माणूस अस्वस्थच राहतो आणि रिमोटवर आकडा खाली खाली नेतो. छप्पर तापतं, माळ्यातली हवा भट्टीसारखी होते, ती उष्णता छतातून खाली झिरपते. हिवाळ्यात हाच रस्ता उलटा चालतो: खालच्या मजल्यावरची ऊब जिन्यातून वर चढते, छतातल्या फटींतून माळ्यात जाते आणि तिच्या जागी खाली थंड हवा ओढली जाते. तुमचा खालचा मजला गारठण्यात खिडक्यांइतकाच या माळ्याचा हात आहे. भावाने टेप खिडक्यांना लावली, ती लावायला हवी होती वर.

काम असं करा. आधी माळ्यावर चढून खाली खोल्यांमध्ये उघडणारी भोकं शोधा: पंख्याच्या हुकाभोवती, वायरी उतरतात तिथे, माळ्याच्या झाकणाच्या कडेला. अगरबत्तीचा धूर जिथे ओढला जातो तिथे फट आहे. ती बंद करा. मग माळ्याच्या जमिनीवर ग्लासवूलसारखं उष्णतारोधक पसरा. साठ वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांनी जाड भिंतींवर सगळा भरवसा ठेवला होता, पण विटेतून उष्णता किती सहज जाते बघा: १० सेंटिमीटर ग्लासवूल जेवढी उष्णता अडवतं, तेवढी अडवायला सुमारे पावणेदोन मीटर जाडीची विटेची भिंत लागेल. १०वर थांबू नका, २० ते ३० सेंटिमीटर जाडी चांगली. छपराच्या कडेचे झरोके मात्र झाकू नका. माळ्यात वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर ओल धरून लाकूड कुजतं. चिमणीला काही टेकवू नका. जुन्या वायरी ग्लासवूलखाली गाडू नका, त्यांची उष्णता निघायला जागा उरत नाही. वायरमनने आधी त्या बघाव्यात. आणि माळ्यात पाइपांवर पांढरट कडक लेप किंवा जुने राखाडी पत्रे दिसले तर ते तोडू-खरवडू नका. तुमचं घर बांधलं त्या काळी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं, त्याची धूळ फुप्फुसांत जाता कामा नये. ते तपासून घ्यायचं आणि हटवायचं तर प्रशिक्षित माणसाकडूनच.

एवढं केल्यावर वरच्या खोलीची भूक किती घटते ते बघून लोक चकित होतात. तुमच्या खोलीला पुढच्या वर्षी दीड टन पुरला तर मला नवल वाटणार नाही. पण तो आकडा मी इथे बसून देणार नाही. खोलीची लांबी-रुंदी, खिडक्यांचं तोंड कुठल्या दिशेला, छत कसलं, माणसं किती, हे लिहून हिशेब मांडून देणाऱ्याकडूनच यंत्र घ्या. दारातून डोकावून ‘तीन टन लागेल’ म्हणणाऱ्याकडून नको.

खिडक्या नव्या हव्यातच असं नाही. एकेरी काचेतून चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला, साधारण ५.७ वॅट उष्णता जाते. दुहेरी काचेतून त्याच्या निम्मी. फायदा आहे, पण जुन्या लाकडी चौकटी शाबूत असतील तर आतून दुसरी काच बसवून बराचसा फायदा मिळतो. उन्हाळ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सावली, आणि तीही बाहेरून. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, म्हणजे चोर घरात शिरल्यावर दार लावण्यासारखं. बाहेरची झडप, चटई किंवा छज्जा ऊन काचेला लागूच देत नाही.

भिंतींना मात्र उत्साहाने प्लास्टिकचे थर किंवा सिमेंटचे लेप चढवू नका. त्या काळच्या पुष्कळ भिंतींचा गिलावा चुन्याचा असतो. तो ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर घट्ट थर दिला की ओल आतच अडकते, गिलावा फुगतो, मीठ बाहेर पडतं. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता बाहेर घालवते, म्हणून हिवाळ्यात अशी भिंत आणखी गार लागते. भिंत आधी कोरडी ठेवा: पागोळीचं पाणी भिंतीवर येतं का, पायाशी पाणी तुंबतं का, तेवढं पाहा. जाड भिंतींचा एक गुणही आहे. दिवसाची उष्णता त्या कित्येक तास रोखून धरतात आणि रात्री सोडतात. जिथे रात्री गार आणि कोरड्या असतील तिथे रात्रभर खिडक्या उघड्या ठेवून सकाळी लवकर बंद केल्या की ही भिंतच अर्धा एसी होते.

इथवर आल्यावर आता यंत्राचं बोलू. माझं मत स्पष्ट आहे: गॅसचा हिटर कायमचा काढा आणि दोन्ही मजल्यांना एकेक गरम-थंड इन्व्हर्टर एसी घ्या. हाच एसी हिवाळ्यात उलटा चालतो, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता आत आणतो. साधा इलेक्ट्रिक हिटर एक युनिट विजेत एकच युनिट ऊब देतो. हे यंत्र बेताच्या थंडीत साधारण तीन युनिट देतं, कारण ते उष्णता बनवत नाही, वाहून आणतं. थंडी कडाक्याची झाली की हा आकडा उतरतो, म्हणून घेताना विचारा की तुमच्याकडच्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाला हे यंत्र किती किलोवॅट देईल. लेबलवरचा मोठा आकडा सौम्य थंडीचा असतो. हिवाळ्यात मधेच बाहेरच्या युनिटमधून पांढरी वाफ निघाली तर घाबरू नका, ते स्वतःवरचं हिम वितळवत असतं. आणि सर्वांत मोठं म्हणजे घरात ज्वाळा उरत नाही. मग फटी बुजवणं सुरक्षित होतं, आणि भावाने फटींना पुन्हा टेप लावली तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर टाकायची सोय चालू ठेवा. गॅसचाच हिटर ठेवायचा असेल, तर जळायची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकार घ्या.

बाहेरचं युनिट अडचणीच्या बोळात किंवा जाळी-पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. स्वतःच सोडलेली गरम हवा ते पुन्हा ओढत बसतं आणि वीज वाया जाते. प्रत्येक यंत्राला बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. साठ वर्षांच्या घरात तिसरी पिन कित्येकदा नुसती शोभेला असते, म्हणून वायरमनला मोजूनच दाखवायला सांगा. एसीची कंपनी निवडण्यापेक्षा तो बसवणारा माणूस निवडायला जास्त वेळ द्या.

ज्या वाचकांकडे जुने रेडिएटर (गरम पाण्याने खोली तापवणारे) किंवा डक्ट (गरम-गार हवा खोल्यांत नेणारे नळ) आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकली आहे, वरच्या चावीने ती सोडा. खाली गार असेल तर गाळ साठलाय, तो धुऊन काढावा लागेल. डक्टच्या जोडांना कापडी डक्ट टेप लावू नका. नाव डक्ट टेप असलं तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत केलेल्या चाचण्यांत तीच लवकर सुटली. तिथे मॅस्टिकचा, म्हणजे जोड बुजवायच्या घट्ट लुकणाचा, लेप द्यायचा.

देखभालीत तुमच्या हातचं काम एकच, पण ते चुकवू नका: वापराच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. फिल्टर तुंबला की कॉइलवर बर्फ धरतो, आणि मग कोणी तरी येऊन ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो. बर्फ दिसला तर एसी बंद करून नुसता पंखा चालवा, वितळू द्या, फिल्टर बघा, आणि मगच फोन करा. पाणी जायची नळी वर्षातून एकदा साफ करून घ्या. बाकीचं वर्षातून एकदा मेकॅनिकने करावं. त्याने काय केलं, ते तारीख टाकून बोर्डाच्या झाकणाआड चिकटवलेल्या कागदावर लिहा. थर्मामीटरचे ते दोन आकडेही तिथेच लिहा. पुढच्या वर्षी फरक घटलेला दिसला की गळतीचा संशय तुम्हालाच आधी येईल.

कामांचा क्रम तेवढा पाळा. हिटर आज, माळा उन्हाळ्याच्या आत, मग थर्मामीटर घेऊन आठवडाभर नोंदी, आणि त्यानंतर एसी. पहिल्या काही गरम दिवसांत भाऊ कुरकुर करेल, त्याला एक पंखा जास्त लावून द्या.

त्याला हे सगळं सांगताना एक करा. बाबांच्या डोकेदुखीचा दोष त्याच्या टेपेवर टाकू नका. त्याने घर उबदार करायला धडपड केली होती. चिमणीतून हवा उलटी येते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. हिटर तपासणाऱ्याच्या समोर त्यालाच उभं करा, म्हणजे तो स्वतःच्या डोळ्यांनी बघेल.

आणि चार दिवसांनी मला कळवा, सकाळी बाबांचं डोकं दुखायचं थांबलं का. एसीचं सावकाश लिहिलंत तरी चालेल.